सहाव्या मुलाचा वाटा : भूदान, नातं आणि मालकी

धामतीर

विनोबा तेरा वर्षांहून जास्त काळ देशभर पायी फिरले आणि जमीनवाल्यांच्या दारात उभं राहून एकच गोष्ट सांगत राहिले. तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि सहाव्याचा वाटा द्या. तो वाटा भूमिहीनाचा.

या मागणीकडे, म्हणजे भूदानाकडे, आपण सहसा जमीनसुधारणेचा एक फसलेला प्रयोग म्हणून बघतो, नाहीतर संताचा मोठेपणा म्हणून हात जोडून पुढे जातो. मला त्यामागचा विचार फार मोलाचा वाटतो. तो इथे नीट चर्चेला यावा म्हणून हा धागा काढतेय.

आधी घडलं काय ते. मार्च १९५१ मध्ये विनोबा वर्ध्याकडून पायी निघाले ते हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनासाठी. संमेलन आटोपल्यावर ते तेलंगणात शिरले. तिथे १९४६ पासून सशस्त्र लढा पेटलेला होता. एकीकडे जमीनदारांचा जुलूम, दुसरीकडे बंदुका, आणि या दोन्हींत गावं भरडली जात होती. १८ एप्रिलला नलगोंडा जिल्ह्यातल्या पोचमपल्लीत दलित वस्तीतल्या ४० कुटुंबांनी सांगितलं, आम्हाला ८० एकर जमीन मिळाली तर आम्ही कसून पोट भरू. विनोबांच्या मनात आधी सरकारकडेच शब्द टाकायचं आलं. पण सभेत त्यांनी सहज विचारलं, गावातलं कुणी काही करू शकेल का? वेदिरे रामचंद्र रेड्डी उभे राहिले आणि १०० एकर देतो म्हणाले. लोकांनी मागितले होते ८०.

विनोबांना देवाइतकाच गणितावर विश्वास होता. देशात कसणुकीखालची जमीन साधारण ३० कोटी एकर. घरात पाच माणसं धरली तर सहावा हिस्सा होतो ५ कोटी एकर. हा आकडा त्यांनी समोर ठेवला आणि १९५७ पर्यंत तो गाठायचा असं म्हणून चालू लागले.

आता विचाराकडे येते. ईशोपनिषदाचा पहिला मंत्र आपल्यातल्या पुष्कळांना पाठ असेल. ‘ईशावास्यमिदं सर्वं यत्किञ्च जगत्यां जगत् । तेन त्यक्तेन भुञ्जीथा मा गृधः कस्यस्विद्धनम् ।।’ हे सगळं जग ईश्वराचं, म्हणून सोडून भोगा, कुणाच्याही धनाचा लोभ धरू नका. गांधींना या एका मंत्रात सगळा धर्म दिसत होता आणि त्यांचा विश्वस्ताचा विचार यावरच उभा आहे. धनिकाने धन आपलं मानू नये, समाजाच्या वतीने सांभाळावं. विनोबांनी हाच धागा पुढे नेला. हवा, पाणी, ऊन यांचा कुणी मालक नसतो, मग जमिनीचा कसा असेल? ‘सबै भूमी गोपाल की’ ही घोषणा त्यातूनच आली.

पण माझं लक्ष खिळतं ते दुसऱ्या गोष्टीवर. जग ईश्वराचं आहे हे सगळेच मान्य करतात. कीर्तनात माना डोलावतात, आणि घरी येऊन सातबाऱ्यावरची नोंद तपासतात. तत्त्व मान्य असूनही कुणी बांधभर जमीन सोडत नाही. विनोबांनी हे ओळखलं होतं. म्हणून समोरच्याला ‘तू मालक नाहीस’ असं सांगण्याआधी ते ‘मी तुझा मुलगा आहे’ असं सांगायचे. बापाला मुलाला वाटा देताना दान दिल्यासारखं वाटत नाही. मुलाचं ते असतंच. शंकराचार्यांच्या आधाराने ते दानाचा अर्थही असाच करायचे: दान म्हणजे न्याय्य वाटणी. त्यात उपकार येत नाहीत.

माझं म्हणणं थोडक्यात असं, की माणूस मालकी सोडतो ती फक्त आपल्या माणसासाठी. त्यामुळे संपत्ती वाटून घ्यायची तर आधी आपली माणसं वाढवावी लागतात. विनोबांनी हा क्रम बरोबर धरला होता. चळवळीचं जिथे बिघडलं तिथे हा क्रम सुटला होता, असं मला वाटतं. आकडे वाढवायच्या घाईत कार्यकर्त्यांनी दानपत्रं गोळा केली, नातं जोडायचं राहून गेलं. एकूण ४० लाख एकरांहून जास्त जमीन मिळाली. त्यातली २० लाखांहून अधिक एकट्या बिहारची. पण खडकाळ, वादातली, कागदावरचीच अशी जमीनही तीत पुष्कळ होती आणि प्रत्यक्ष वाटप फार मागे पडलं.

तुमच्या भागात भूदानाची, ग्रामदानाची (गावाने सगळी जमीन गावाच्या नावे करण्याची) किंवा सामायिक मालकीची कुठली रीत होती? ती टिकली का? टिकली असेल तर कशाच्या बळावर?


कोरडवाहू

ताई, विषय चांगला काढलात. मी मराठवाड्यातला, शेती करतो.

आमच्या शिवारात एक तुकडा आहे, त्याला अजून भूदानाचं रान म्हणतात. सगळा मुरूम. त्यात कुसळाशिवाय काही उगवत नाही. ज्यानं दिला त्याचं भाषण झालं, हार झाले. ज्याला मिळाला त्याच्याकडे बैल नव्हता, बियाणं नव्हतं, विहीर तर लांबच. दोन हंगाम पेरलं, हाती काही आलं नाही, मग तो ऊसतोडीला निघून गेला. आज त्या रानावर नाव एकाचं, वहिवाट दुसऱ्याची.

तुम्ही म्हणता नातं जोडायचं राहिलं. मी म्हणतो, पोराला वेगळं काढताना बाप नुसती जमीन देत नाही. एक बैल देतो, पहिल्या सालाचं बी देतो, मोटेला पाळी देतो, अडीनडीला उभा राहतो. सहावा मुलगा मानला असता तर मुरमाड रान कुणी दिलं असतं का?


निळी_पहाट

धामतीर ताई, तुम्ही मनापासून लिहिलंय, म्हणून मीही मनापासून लिहितो.

‘मला मुलगा समजा’ असं विनोबा म्हणू शकत होते. ज्यांच्यासाठी ते मागत होते त्यांना तसं म्हणता आलं असतं का? पोचमपल्लीतली ती ४० कुटुंबं स्वतः रेड्डींच्या दारात जाऊन ‘आम्ही तुमची मुलं’ म्हणाली असती तर काय झालं असतं, याचा विचार करा. ज्याच्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्याच्या वतीने एका चित्पावन ब्राह्मणाने मुलगा व्हायचं आणि वाटा मागायचा. वाटा मिळाला, पण नातं कुणाशी जुळलं? विनोबांशी. जमीन घेणारा माणूस होता तिथेच राहिला, वर उपकाराचं ओझं.

१९४७ साली बाबासाहेबांनी घटना समितीपुढे ठेवण्यासाठी जे निवेदन तयार केलं, त्यात शेतजमीन राज्याच्या मालकीची करावी आणि जातपात न बघता गावातल्या कुटुंबांना सामुदायिक पद्धतीने कसायला द्यावी असं मांडलं आहे. म्हणजे जमीनदार राहणार नाही, कूळ राहणार नाही आणि भूमिहीन मजूरही राहणार नाही. हीसुद्धा सामायिक मालकीच आहे. फरक इतकाच, की ती कुणाच्या मनाच्या मोठेपणावर सोडलेली नाही. पुढे १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये बाबासाहेबांचे सहकारी दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. १९६४ चा तर देशभर पसरला, लाखो माणसं तुरुंगात गेली. ती माणसं कुणाचा सहावा मुलगा म्हणून गेली नव्हती. पडीक आणि गायरान जमिनीवर आपला नागरिक म्हणून हक्क आहे, हे सांगायला गेली होती.

बंधुतेला माझा विरोध नाही. घटनेच्या उद्देशिकेतच ती आहे, आणि बाबासाहेब ती बुद्धाकडून घेतली असं सांगत. पण तिथे ती न्याय, स्वातंत्र्य आणि समता यांच्या सोबत उभी आहे. एकटी नाही.


धामतीर

निळी_पहाट, तुमचा प्रश्न या धाग्याचा कणा आहे. नातं नेमकं कुणाशी जुळलं?

विनोबांनाही तो टोचत असावा असं मला त्यांच्या पुढच्या वाटचालीवरून वाटतं. म्हणूनच भूदान ग्रामदानात गेलं. १९५२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या हमीरपूर जिल्ह्यातल्या मंगरौठ गावाने सगळी जमीन गावाच्या नावे केली. मग ओडिशाच्या कोरापुट जिल्ह्यात आदिवासी गावांची रांग लागली. ग्रामदानात एक देणारा आणि एक घेणारा असं राहत नाही. ज्याच्याकडे जमीन आहे तो मालकी देतो, ज्याच्याकडे नाही तो श्रम देतो, आणि सगळे मिळून ग्रामसभा होतात. देण्यासारखं काही नाही असा माणूस गावात नाही, हे विनोबांचं आवडतं सूत्र होतं. उपकाराचं ओझं उतरवायचा मार्ग त्यांना यात दिसला असणार.

कायद्याबद्दल मात्र एक सांगावंसं वाटतं. कायदा हवाच. १९५७ च्या कृषक दिनाला महाराष्ट्रात कितीतरी कुळं मालक झाली, ती कायद्यामुळेच. पण १९६१ चा कमाल जमीनधारणेचा कायदा आला तेव्हा काय झालं ते आपण गावोगाव पाहिलं. मुलगे, सुना, पुतणे, जुने गडी, सगळ्यांच्या नावे जमिनी चढल्या. जमीन घरातच राहावी म्हणून नात्याचा उपयोग केला गेला. कायदा मर्यादा घालू शकतो, पण मर्यादेबाहेरचं ते दुसऱ्याचं आहे हे मालकाच्या मनाला पटवू शकत नाही. मला दोन्ही हवेत. तुमची समता नसेल तर माझं नातं दयेवर घसरतं, हे मी मानते. आणि बंधुता नसेल तर समतेचा कायदा सातबाऱ्याच्या फेरफारात हरवतो, हे तुम्हीही मानाल अशी आशा आहे.

कोरडवाहू दादा, बैल आणि बियाण्याचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. भूदानाबरोबर साधनदान, म्हणजे बैल-बियाण्यासारखी साधनंही मागितली जायची, पण जमिनीच्या मानाने ते फारच थोडं जमलं.


माहेरची_वाट

मी पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या.

सहावा मुलगा, सहावा मुलगा असं सगळे लिहिताय. त्या घरात मुली नव्हत्या का?

माझ्या माहेरी ‘वसुधैव कुटुंबकम्’ अशी पाटी दिवाणखान्यात आहे. वडील गेल्यावर दीड महिन्यात आम्हा बहिणींना तालुक्याला बोलावलं आणि हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या. कुणी दरडावलं नाही. ‘माहेरचा दरवाजा उघडा राहील’ एवढंच म्हणाले. आम्ही सह्या केल्या. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा वाटा आहे, हे आम्हाला माहीत होतं. भावालाही माहीत होतं.

धामतीर ताई, तुम्ही म्हणता माणूस आपल्या माणसासाठी मालकी सोडतो. मी याच्या उलट पाहिलंय. नात्याची किंमत म्हणून वाटा सोडायला लावला जातो, आणि सोडते ती नेहमी बहीण. सगळ्या जगाला कुटुंब म्हणण्याआधी कुटुंबात काय चालतं ते बघायला नको का? शेतकरी संघटनेचं ‘लक्ष्मीमुक्ती’ मला म्हणून जास्त जवळचं वाटतं. १९८९ च्या सुमारास शरद जोशींनी गावागावांत जाऊन शेतकऱ्यांना सांगितलं, थोडी जमीन बायकोच्या नावे करा, हे दान नाही, तिच्या कष्टाचं देणं आहे. आणि हजारोंनी केली. ती जगाची गोष्ट नव्हती, एका घरातली होती. पण खरी होती.


इंद्रायणी

माहेरची_वाट ताई, तुमचं वाचून तुकोबांची आठवण झाली.

घरी सावकारी होती. दुष्काळ आला, घरातली माणसं गेली, मन उडालं. कर्जाची खतं, म्हणजे लोकांनी लिहून दिलेले कर्जरोखे, इंद्रायणीत बुडवली, हे आपण सगळे सांगतो. पण परंपरा आणखी एक गोष्ट सांगते, तिच्याकडे कमी लक्ष जातं. बुडवण्याआधी त्यांनी खतांचे दोन भाग केले. धाकट्या कान्होबाचा अर्धा भाग त्याच्या हाती दिला आणि आपला तेवढाच नदीत सोडला. भावाच्या वाट्याचं वैराग्य त्यांनी परस्पर घेतलं नाही. ज्याने त्याने आपलंच सोडायचं असतं. बहिणीला सोडायला लावून भाऊ जगाला कुटुंब म्हणत असेल, तर त्याच्या पाटीत काही अर्थ नाही.


मांडवीकाठ

गोव्याहून लिहितो. आमच्याकडे सामायिक मालकी ही कुणा संताची कल्पना नव्हती, ती गावची व्यवस्था होती.

गावकारी. पोर्तुगीजांनी तिला कोमुनिदाद म्हटलं आणि १५२६ मध्ये तिचे रिवाज लिहून काढले, म्हणजे ती त्याच्या कितीतरी आधीची. गावची जमीन गावकारांची, सगळ्यांची मिळून. कुणा एकाची नाही. शेतं ठरावीक मुदतीने पावणीला लावायची, जो जास्त बोलेल तो कसणार. आलेल्या पैशांतून बांध, मानस (बांधातली पाण्याची दारं), देवळाचा खर्च. उरलं ते गावकारांत वाटायचं, त्याला झोण म्हणतात. खाजन, म्हणजे खाडीकाठच्या सखल जमिनीत खारं पाणी शिरू नये म्हणून बांध सांभाळणं एकट्यादुकट्याचं काम नव्हे. एक बांध फुटला की सगळ्यांची भातं जातात. त्यामुळे ही व्यवस्था शतकानुशतकं टिकली.

पण गावकार कोण? मूळ वसाहत करणाऱ्या वांगडांचे, म्हणजे घराण्यांचे, पुरुष वंशज. मुलगी नाही. बाहेरून आलेला नाही, मग तो दहा पिढ्या त्या शेतात राबला तरी नाही. जमीन सगळ्यांची, पण ‘सगळे’ म्हणजे ठरलेली घराणी. आज परदेशात राहणारा गावकार झोण मागू शकतो, आणि चिखलात उभं राहून लावणी करणारी बाई मागू शकत नाही.

त्यामुळे धामतीर, तुमचं सूत्र मला आमच्या गावावरून पटतं. सामायिक मालकी असणं पुरेसं नाही. तिचं कुंपण रक्ताला लागून घातलं की आतल्यांना ती सुखाची आणि बाहेरच्यांना सावकारीसारखी. कुंपण किती लांब न्यायचं हाच प्रश्न आहे. आणि माहेरची_वाट ताई म्हणतात ते तर आमच्या नियमांत लिहूनच ठेवलं होतं.


धानोऱ्याकडचा

गडचिरोलीकडे कुणी वळेल म्हणून वाट पाहत होतो.

मेंढा (लेखा) हे धानोरा तालुक्यातलं गोंड गाव. गावाची घोषणा आता सगळ्यांना माहीत आहे, ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरीही बांबू विकायला वाहतूक पास मिळेना. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले तेव्हा वाहतूक पासांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. इथपर्यंतचं वर्तमानपत्रांत आलंय.

त्यानंतरचं कमी लोकांना ठाऊक आहे. २०१३ मध्ये गावाने आपली खासगी शेतजमीनही ग्रामसभेच्या नावे करायचं, म्हणजे ग्रामदान करायचं ठरवलं. विनोबा जाऊन तीस वर्षं झाली होती. कुणी पदयात्रा करत आलं नव्हतं. महाराष्ट्रात १९६४ चा ग्रामदान कायदा पडून होता, तो यांनी उघडून वाचला.

कसं घडलं ते सांगतो, कारण मालकी सोडताना मन कसं तयार होतं हे त्यात दिसतं. तिथे ग्रामसभेत बहुमताने निर्णय होत नाही. सर्वसहमती लागते. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीला. आणि बैठकीच्या आधी अभ्यासगट बसतो. त्यात निर्णय घ्यायचा नसतो, फक्त समजून घ्यायचं असतं. गावातले देवाजी तोफा आणि त्यांचे सोबती कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी ही पद्धत वर्षानुवर्षं चालवली. बाया येतात, बोलतात, आणि त्यांना बोलता यावं अशा वेळी सभा ठेवतात. जमीन देण्याची चर्चा अशी लांबत लांबत झाली. ज्याला भीती होती त्याची भीती ऐकून घेतली.

शिवाय जंगल आधीच सगळ्यांचं होतं. मोहफूल, तेंदू, बांबू हे कधी एकाचं नव्हतंच. जंगल एकत्र राखता राखता आपण एक आहोत हा अनुभव आला, मग शेतजमिनीची गोष्ट निघाली. निळी_पहाट दादांनी विचारलं होतं, नातं कुणाशी जुळलं. मेंढ्यात बाहेरच्या कुणाशी जुळायचा प्रश्नच नव्हता. आपापसांत जुळलं. आणि हेही सांगतो, मेंढ्यात सगळे एका समाजाचे. कारू, कुणबी, गोंड, महार असे मिळून राहणाऱ्या मोठ्या गावात हे जमेल का, याचं उत्तर मेंढा देत नाही.


कोरडवाहू

धानोऱ्याकडचे दादा, मेंढ्याचं वाचून बरं वाटलं. पण शेतकऱ्याच्या मनात जे येतं ते विचारतोच. जमीन ग्रामसभेच्या नावे केली, मग माझ्या पोराचं काय? पोरीच्या लग्नाला एकर विकायची वेळ आली तर? बँक पीककर्ज कशावर देणार?


धामतीर

दादा, पुढे विनोबांनी सुलभ ग्रामदान मांडलं ते असल्याच प्रश्नांमुळे. त्याची रचना अशी: मालकी ग्रामसभेची, कसण्याचा हक्क तुमचा आणि तुमच्या मागे वारसांचा. जमिनीचा विसावा हिस्सा गावातल्या भूमिहीनाला द्यायचा. उरलेली तुम्हीच कसायची. उत्पन्नाचा चाळिसावा भाग ग्रामकोषात. मणाला शेर. मजुरी किंवा नोकरी करणाऱ्याने महिन्याला एका दिवसाची कमाई. गावातल्या ७५ टक्के जमीनधारकांनी मान्य केलं आणि ५१ टक्के जमीन आली की ग्रामदान झालं. विकायची वेळ आली तर गावाबाहेर विकता येत नाही, गावातल्या गावात, ग्रामसभेच्या संमतीने. कर्जालाही ग्रामसभेनेच पाठीशी उभं राहायचं, हा विचार. बँकांनी तो मानायला हवा ही अडचण उरतेच.

गावाबाहेर विकता न येणं हे तुम्हाला जाच वाटेल. मला तो त्यातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. मुंबई-पुण्याच्या आसपासच्या तालुक्यांत दोन पिढ्यांत शेतकऱ्याची जमीन कुणाच्या हाती गेली ते आपण बघतोय. एकेकट्या मालकाला वेगळं गाठून जमीन काढून घेणं सोपं असतं. सगळ्या गावाला गाठणं तितकं सोपं नाही.

माहेरची_वाट ताई, तुमच्या प्रश्नावर दोन दिवस विचार केला. ग्रामसभेत प्रत्येक प्रौढ बाई स्वतःच्या अधिकाराने सदस्य असते, कुणाची बायको किंवा बहीण म्हणून नाही. पण कसण्याचा हक्क वारशाने पुढे जाताना तो मुलीकडे जातो का, याचं उत्तर गावातल्या रिवाजावर राहिलं तर ग्रामदानही गावकारीच्याच वाटेने जाईल. म्हणून माझ्या मते ज्या गावाला हे करायचं असेल त्याने आधी फेरफारात लेकींची नावं लावावीत, मग जमीन ग्रामसभेला द्यावी. जिला तिचा वाटा मिळालेलाच नाही, तिने तो सोडला असं म्हणताच येत नाही.


दूरदेशी

अमेरिकेत राहतो, गावी आता जमीन नाही. इथे मराठी मंडळात ‘जय जगत’ ही घोषणा ऐकली होती, ती विनोबांची हे याच धाग्याच्या निमित्ताने शोधल्यावर समजलं.

माझा प्रश्न साधा आहे. माझ्याकडे पगार आहे, निवृत्तीची पुंजी आहे, घर बँकेचं आहे. देणगी देतो, पावती घेतो, कर वाचतो. हे मी सोडणं नाही, हे कळतं. जमीन नसलेल्या माणसाने या विचारात कुठे उभं राहायचं? आणि सगळं जग कुटुंब मानायचं तर माझा सहावा मुलगा नेमका कोण, जो मला दिसतही नाही?


धामतीर

दूरदेशी, विनोबांनी ऑक्टोबर १९५२ मध्ये पाटण्याला संपत्तिदान सुरू केलं ते जमीन नसलेल्यांसाठीच. त्याची पद्धत आजच्या देणगीहून अगदी वेगळी होती. उत्पन्नाचा सहावा हिस्सा दरवर्षी द्यायचं वचन घ्यायचं, पण पैसे विनोबांकडे जमा करायचे नाहीत. ते पैशाला हात लावत नव्हते. १९५० मध्ये पवनारला त्यांनी कांचनमुक्तीचा प्रयोग केला होता, पैशाविना, स्वतःच्या हाताने शेती करून आणि रहाट ओढून जगायचा. तर संपत्तिदानाचे पैसे देणाऱ्यानेच आपल्याकडे वेगळे ठेवायचे, सुचवलेल्या कामावर स्वतः खर्च करायचे आणि वर्षाअखेर हिशेब कळवायचा. विहीर, बैल, बियाणं अशी कामं असायची, कोरडवाहू दादा म्हणाले तीच.

यात पावती घेऊन मोकळं होता येत नाही. विहीर कुणाची, पाणी लागलं का, मोट कोण ओढतंय, हे देणाऱ्यालाच पाहावं लागतं. वर्षभर पाहिलं की तो माणूस दिसू लागतो. सहावा मुलगा आधी दिसला तरच वाटा द्यायचा असं नाही. वाटा स्वतः पोचवायला जा, म्हणजे तो दिसेल.

विनोबांच्या लहानपणी गागोद्याच्या घरी फणस पिकला की आई आधी शेजारच्या घरांत वाटून यायला सांगायची, मग घरच्यांना मिळायचा. वाटप स्वतःच्या पायांनी जाऊन करायचं असायचं. मला संपत्तिदानाची रीत त्याच्याच जवळची वाटते.


निळी_पहाट

धामतीर ताई, संपत्तिदानाच्या हिशेबात मी एक जोडतो. देणारा वर्षाअखेर हिशेब विनोबांना कळवायचा. मेंढ्यासारख्या ठिकाणी तो ग्रामसभेपुढे मांडतात, म्हणजे घेणाऱ्यांपुढे. माझा आग्रह तिथे आहे. दूरदेशी, तुम्ही सहावा हिस्सा काढणार असाल तर कामं ज्यांच्यासाठी आहेत त्यांनाच ती ठरवू द्या आणि हिशेबही त्यांनाच दाखवा. ‘हे चुकीच्या ठिकाणी खर्च केलंत’ असं ते तुम्हाला तोंडावर सांगू शकले पाहिजेत. घरातला मुलगा बापाला सांगतो तसं. तेवढा अधिकार त्यांच्याकडे असेल तर मी हे नातं मान्य करतो, आणि माझ्या गावातल्या वाचनालयापासून सुरुवात करायला तयार आहे. तिथे आमच्या वस्तीतल्या पोरांना अभ्यासिका हवी आहे. जागा आहे, छप्पर नाही.


दूरदेशी

निळी_पहाट, चालेल. पोरांना विचारून त्यांना काय काय लागेल ते लिहा. छपराआधी दुसरं काही हवं असेल तर तेही. यादी त्यांचीच असू दे. मी डिसेंबरात येतोय, तेव्हा हिशेबाला त्यांच्यासमोर बसतो.


माहेरची_वाट

यादी करताना मुलींना वेगळं विचारा. संध्याकाळी सातनंतर अभ्यासिकेत यायचं तर रस्त्यावर दिवा लागतो.